पिनियनचे सील

सातारा,
५ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीतून, तेल ठिबकते आहे आणि सांगलीतच सील बदलून घेण्याचा तुझा विचार आहे, हे कळले. पण त्याआधी माझी फजिती ऐक. गेल्या पावसाळ्यात मी पिनियनचे, म्हणजे त्या पेटीत शिरणाऱ्या दातेरी दांड्याचे, तेल अडवणारे सील गॅरेजात बदलून घेतले आणि बामणोलीच्या दोन फेऱ्या होतात न होतात तोच फरशीवर पुन्हा तोच काळपट डाग पडला.

दुसऱ्या वेळी मी स्वतःच गाडीखाली शिरलो. हाऊसिंगवरचा, म्हणजे त्या पेटीच्या कवचावरचा, हवा ये-जा करण्याचा ब्रीदर काढून फुंकून पाहिला, तर तो चिखलाने पुरता बुजलेला. यवतेश्वरचा घाट चढताना तेल तापते, आतली हवा फुगते आणि तिला वर वाट मिळाली नाही, की ती तेलाला सीलच्या ओठातून, म्हणजे आतल्या कडेतून, बाहेर रेटते. उलट तापलेले हाऊसिंग ओढ्याच्या पाण्यात एकदम निवले, की त्याच वाटेने पाणी आत ओढले जाते आणि तेल दुधाळ होते. बिचाऱ्या सीलला मी उगाच बोल लावत होतो.

सील बदलणे तसे अवघड नाही, मेख आहे ती पिनियनच्या नटात. इंजिनाकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्या जोडावर, आणि नट व पिनियनच्या टोकावरही, पंचने खुणा करून ठेव. आत बेअरिंगांमध्ये दबणारी नळी, म्हणजे स्पेसर, असेल तर बेअरिंगवरचा ताण त्या नटानेच ठरलेला असतो. तो इम्पॅक्ट गनने दणकून आवळला, की स्पेसर जास्त चेपतो, बेअरिंग जड फिरू लागते आणि नवा स्पेसर टाकून सगळे पहिल्यापासून करावे लागते. मी नट जुन्या खुणेच्या किंचित पुढे नेऊन थांबवला.

पिनियनच्या टोकावर बसणाऱ्या, शाफ्ट जोडायच्या फ्लँजवर सील टेकते ती जागा नखाने चाचपून पाहा. माझ्या फ्लँजला तेथे बारीक खाच पडली होती, म्हणून नवे सील मी थोडे कमी खोल ठोकले, म्हणजे ओठ कोऱ्या जागी बसला. सीलमधल्या स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी आणि ओठाला ग्रीस हवेच.

आणखी एक, तेल काढण्याआधी भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो का ते पाहा. खालचा खोलून बसलास आणि वरचा गंजलेला निघाला, तर गाडी आहे तेथेच राहील. तेल सपाट जागी, भोकाच्या काठापर्यंत भर.

ब्रीदरला रबरी नळी जोडून ती मी वर चासीला बांधली आहे आणि तेव्हापासून फरशी कोरडी आहे. तुझ्या ब्रीदरमधून काय निघाले ते कळव, नाहीतर रविवारी गाडी घेऊन इकडेच ये. लांब दांड्याचा पाना आणि गुटके माझ्याकडे आहेत.

तुझा स्नेहांकित