रिंगा बसायची वाट बघता बघता इंजिनच बसलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

15 वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग परत करून घ्यायचं का गाडी मोडीत काढायची, हा विषय तुमच्या पेपरात अधूनमधून येतो म्हणून लिहितोय. आमची वडिलांच्या वेळची पेट्रोल गाडी, चार सिलिंडरची. पासिंग करून घेतलं आणि नवीन गाडीचे हप्ते झेपणार नाहीत म्हणून इंजिन बांधून घ्यायचं ठरवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण दोष एकट्याचा नाही, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी काम असंच होतं आणि आपण गिऱ्हाईक पण काही विचारत नाही, चहा पिऊन किती झाले एवढंच विचारतो.

झालं असं की ब्लॉक (सिलिंडरची चार भोकं असलेला इंजिनचा मुख्य भाग) लेथवर गेला, प्रत्येक भोक म्हणजे बोअर वीस थाऊनं, म्हणजे अर्धा मिलिमीटर, मोठा केला, नवीन पिस्टन, पिस्टनभोवतीच्या नवीन रिंगा, बिल झालं 62 हजार. गाडी हातात आली तेव्हा मस्त वाटली. पाचसहाशे किलोमीटर झाले आणि डिपस्टिकवर ऑईल खालच्या खुणेवर. मिस्त्री म्हणला, नवीन रिंगा आहेत, बोअरला घासून नीट बसायला हजारभर किलोमीटर लागतातच, चालवा. चालवली. मग म्हणला जाड ऑईल टाका. टाकलं. मग म्हणला व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑईल आत उतरू नये म्हणून असलेलं रबर) बघू, ते पण बदलले, त्याचे पैसे वेगळे. आणि उन्हाळ्यात बीडहून येताना मांजरसुंब्याचा घाट चढत होतो तर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली, मला वाटलं पंक्चर, खाली उतरून बघतो तर मागं नुसता निळा धूर, म्हणजे ऑईल जळतंय.

तेव्हा कोणीतरी लातूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं जा म्हणून सांगितलं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी गेल्या गेल्या म्हणलं, चाचा, रिंगा गेल्यात, खोला. तर ते म्हणले, "कामून खोलायचं गुरुजी? आधी बघू तर द्या." त्यांनी पुढचा अर्धा तास काय केलं ते सविस्तर लिहितो कारण तेच मला सांगायचंय.

आधी विचारलं धूर कधी निघतो. सकाळी स्टार्ट केल्यावर फुस्सकन निघून बंद झाला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. घाट उतरताना पाय काढलेला असतो आणि मग परत अ‍ॅक्सिलेटर दाबला की भपकन येतो, तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी). चढाला, लोडवर सारखा येत राहतो तर रिंगांवर संशय. म्हणजे सील बदलायच्या आधी हा एक प्रश्न विचारला असता तरी माझे ते पैसे वाचले असते! मग चालू इंजिनवर ऑईल टाकायचं झाकण उघडलं तर आतून फुस्स फुस्स वाफारा येत होता, त्यावर हात धरला तर हात गरम. मग चारही प्लग काढून बोनेटवर फडक्यावर ओळीनं मांडले. तीन विटकरी रंगाचे कोरडे, आणि तीन नंबरचा काळाकुट्ट, तेलानं ओला. हे बघायला तर मिस्त्री पण लागत नाही, प्लग पाना लागतो फक्त.

मग कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते मोजायचं मीटर, लावला, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. 165, 160, 95, 162 पौंड. तीन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत मारलं तर 95 चं 145 झालं. तेल टाकल्यावर वाढलं म्हणजे गळती पिस्टनच्या बाजूनं, तेल रिंगेच्या फटीत जाऊन बसतं म्हणून थोडा वेळ प्रेशर धरतं, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून जात असतं तर आकडा जवळपास तिथंच राहिला असता. खात्रीला प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा पण सोडली, पिस्टन वर आणून. हवा सायलेन्सरमधून नाही, एअर फिल्टरकडून नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सगळी ऑईलच्या झाकणातून, म्हणजे रिंगांवरूनच खाली जात होती. तेव्हा म्हणले आता खोलू.

खोललं तर तीन नंबरची वरची रिंग तीन तुकडे झालेली, पिस्टनची रिंगेखालची कड फुटलेली आणि बोअरमध्ये उभे ओरखडे. चाचांनी एक तुकडा उजेडात धरून मला दाखवला, रिंगेचं तोंड, म्हणजे जिथं तिची दोन टोकं समोरासमोर येतात ते, आरशासारखं चमकत होतं. तापल्यावर रिंग फुगते, तिला जागा नाही मिळाली की दोन्ही टोकं एकमेकांवर घासतात, आणखी तापली की मोडते. मग त्यांनी एक नंबरची शाबूत रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधल्या फटीत फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) पाती घातली, 0.20 मिलिमीटरची आरामात गेली. तीच रिंग काढून तीन नंबरमध्ये खाली, जिथं ओरखडे नाहीत तिथं बसवली तर 0.15 ची पाती जाईना, 0.10 ची गेली. बोअर गेज लावला तर तीन नंबर बाकीच्यांपेक्षा तीन शतांश मिलिमीटर लहान. मला वाटलं तीन शतांश म्हणजे काहीच नाही, पण ते म्हणले बोअर जेवढा लहान त्याच्या तिपटीनं रिंगेची फट कमी होते, गणित शिकवता ना तुम्ही! खरंच की, व्यासाला पाय (π) नं गुणलं की परीघ येतो, सातवीच्या पोरांना मी दरवर्षी फळ्यावर सांगतो.

शिवाय पिस्टन आणि बोअरमधली जागा पण तीन शतांशानं कमी झाली, म्हणून ओरखडे. पिस्टन सोबत न देता नुसता ब्लॉक लेथवर पाठवला होता हे नंतर कळलं. मोजला कोणीच नव्हता, लेथवाला म्हणतो मिस्त्रीनं बघून घ्यायचं असतं, मिस्त्री म्हणतो कापलं त्यानं.

तीन नंबरला स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नवीन नळी) टाकली, नवीन पिस्टन, आणि सगळ्या रिंगा प्रत्येक बोअरला वेगवेगळ्या मोजून जिथं फट कमी तिथं कानस मारून बसवल्या. होनिंग, म्हणजे बोअर दगडानं घासून झाल्यावर पोराला बोअर साबणाच्या गरम पाण्यानं धुवायला लावला, मी म्हणलं पेट्रोलनं धुतलाय की, तर पांढरं फडकं फिरवून दाखवलं, काळं निघालं. दगडाची ती पूड तशीच राहिली की नवीन रिंगा पहिल्या दिवसापासून घासायला लागतात.

आता मागणी. इंजिन कामाच्या बिलावर चारही बोअरचं माप, पिस्टनचं माप आणि रिंगेची फट लिहून द्यायला काय हरकत आहे? दहाबारा आकडे होतात. आपल्या वाळूजमध्ये 1985 पासून बजाजच्या गाड्या बनतात, तिथं शतांशाच्या हिशोबात काम होतं आणि आमच्या तालुक्यात अजून बोटानं चाचपून "बरोबर बसलंय" म्हणतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, मापाची हत्यारं तिथं असतात, आठवड्यातून एक दिवस फी घेऊन लोकांचे ब्लॉक मोजून दिले तर पोरांचा पण हात बसेल. संबंधितांनी एवढं मनावर घ्यावं.

मोडक्या रिंगेचे तीन तुकडे मी काडेपेटीत ठेवलेत. पहिल्या मिस्त्रीला नेऊन दाखवले. त्यानं उलटेपालटे करून बघितले आणि म्हणला, "माल डुप्लिकेट निघाला बगा सर."

आपला,
एक शिक्षक वाचक,
ता. अंबाजोगाई, जि. बीड