विषय: डुकरांच्या पावडरच्या पाऊचवर विथड्रॉवल पिरियड का नाही? लेखी उत्तर द्या

कस्टमर केअर,

तुमची हगवणीची पावडर सिन्नरच्या दुकानातून घेतली, बिल आणि पाऊचचे फोटो सोबत जोडलेत. हगवण थांबली, त्याबद्दल काही म्हणणं नाही, माझी तक्रार लेबलची आहे. पुढं मोठ्ठं 'वजन वाढवा' आणि मागं एमआरपीचं स्टिकर उचकटलं तर त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात कार्बाडॉक्स, म्हणजे अँटिबायोटिक! कापायच्या किती दिवस आधी बंद करायचं, म्हणजे विथड्रॉवल पिरियड, हे तर स्टिकरच्या वर पण नाही आणि खाली पण नाही. आपल्याकडं ड्रग्ज रूल्सच्या नियम 97 मध्ये 2012 पासून हे छापायलाच लागतं ना? आणि अभ्यास करून ठरवलेला पिरियड नसेल तर मटणाला कमीत कमी 28 दिवस धरायचे असं त्यातच आहे.

तुमच्या एमआरला (औषध खपवणाऱ्या प्रतिनिधीला) फोन केला तर म्हणे बिनधास्त द्या, कापायच्या दिवसापर्यंत द्या, गाभण माद्यांना पण चालतं, अमेरिकेत 1972 पासून वापरतात. अहो पण तिथल्याच लेबलवर 42 दिवस आधी बंद करा आणि गाभण किंवा पैदाशीच्या डुकरांना देऊ नका असं आहे, ते कोण सांगणार? शिवाय तिथल्या एफडीएनं (औषध प्रशासनानं) नोव्हेंबर 2023 मध्ये कॅन्सरच्या धोक्यामुळं याची मंजुरीच काढायचा प्रस्ताव आणलाय, कारण मटणात अवशेष किती राहिले हे मोजायची जुनी पद्धतच पुरेशी नाही असं त्यांचं म्हणणं. युरोपनं तर 1999 लाच बंद केलं, ते पण हाताळणाऱ्या कामगारांना धोका म्हणून. आमच्याकडं भरड्यात पावडर कालवणाऱ्या मावशी घमेल्यात कोपरापर्यंत हात घालतात, धूळ नाकातोंडात जाते, आणि पाऊचवर ग्लोव्हज-मास्कचा एक शब्द नाही.

नाशिकवाल्याला रेसिड्यू (औषधाचे अवशेष) काय असतं ते सांगायला नको. 2010 ला सीसीसीपायी (वेलीची वाढ रोखायचं औषध) द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हापासून इथला बागायतदार पीएचआय (काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते) विचारल्याशिवाय फवारणी करत नाही. आमचं डुकराचं मटण एक्सपोर्टला जात नाही, मग खाणारी माणसं नाहीत का?

माझा तयार लॉट मी थांबवलाय, खाद्याचा खर्च रोज अंगावर पडतोय. या बॅचचा टेस्ट रिपोर्ट, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्सची कॉपी आणि विथड्रॉवल पिरियड कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा, एमआरचा फोन नको. न उघडलेले पाऊच परत घेऊन पैसे द्या आणि दुकानातला बाकीचा माल उचला. आठ दिवसात उत्तर नाही आलं तर हेच फोटो आणि बिल घेऊन इथल्या औषध प्रशासनाच्या ऑफिसला जाणार आहे.

एक वराहपालक, नाशिक