सक्तीचे लष्करी प्रशिक्षण आणि उन्हाचा हिशेब

महोदय,

तरुणांना दोन वर्षे सक्तीने लष्करात पाठवले की शिस्त आपोआप लागेल, असे मत वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून मांडले जाते आणि त्यासाठी सिंगापूरचा दाखला हमखास दिला जातो. आम्ही सिंगापूरमध्येच कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहतो. अशा कुटुंबांतील मुलग्यांनाही 1967 पासून लागू असलेली ही सेवा चुकत नाही. माझा मुलगा ती पूर्ण करून आला असल्याने, दाखला देणाऱ्यांच्या नजरेतून सुटणारी एक बाजू मांडावीशी वाटते.

पुलाऊ तेकाँग या बेटावर नवख्या मुलांचे पायाभूत प्रशिक्षण होते. त्यातला सर्वांत कठीण भाग म्हणजे जंगलातला मुक्काम. विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत, पाठीवर जड पिशवी आणि हातात रायफल घेऊन चालायचे, मुळांनी भरलेल्या चिकट मातीत स्वतःच्या अंगाच्या मापाचा उथळ खड्डा खणायचा, पाऊस आला तर त्याच चिखलात पडून राहायचे, आणि आंघोळीच्या जागी घामोळ्यांची पावडर अंगाला फासायची, असा तो क्रम असतो. याच मुक्कामात मुलांच्या हाती घरून आलेली पत्रे देण्याची प्रथा आहे. आम्ही आमचे पत्र मराठीत लिहिले होते; मुलाला ते वाचायला बराच वेळ लागला असणार, पण त्याने ते अजून जपून ठेवले आहे.

मात्र हे सारे सोसले जाते ते केवळ मुलांच्या जिद्दीवर नाही. तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक मोजून किती वेळ सराव आणि किती वेळ विश्रांती हे ठरते, पाणी हुकमाने प्यायला लावले जाते आणि शरीराला उन्हाची सवय टप्प्याटप्प्याने लावली जाते. तरीही एप्रिल 2018 मध्ये आठ किलोमीटरच्या जलद चालीनंतर एका 19 वर्षांच्या जवानाला उष्माघात झाला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. जागेवरच्या उपचारांत त्रुटी राहिल्या व रुग्णालयात हलवण्यास विलंब झाला, असे चौकशी समितीने नोंदवले. त्यानंतर सरावाच्या जागी शरीर झपाट्याने थंड करण्याच्या सोयी वाढवण्यात आल्या. इतकी शिस्तबद्ध यंत्रणाही चुकते, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे 2024 साली झारखंडमधील शिपाई भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान अनेक उमेदवारांचा जीव गेला. ते तर स्वेच्छेने आले होते. सक्ती केली की मुलाला नकार देण्याची मुभा उरत नाही, आणि त्याच्या जिवाची संपूर्ण जबाबदारी सरकारवर येते. ती पेलण्यासाठी प्रशिक्षित निदेशक, जवळचे रुग्णालय आणि दमलेल्या मुलाला ‘नाटक करतो’ असे न म्हणणारा अधिकारी लागतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ.

तेव्हा ज्यांना ही सक्ती हवी आहे, त्यांनी चंद्रपूरच्या मे महिन्यात ही कवायत कोणत्या वेळी होईल, कोणत्या मापावर थांबवली जाईल आणि थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल, तेवढे पुढच्या पत्रात अवश्य लिहावे.

आपला,
सिंगापूरस्थित एक मराठी पालक