पारा बघून द्राक्षाचं नुकसान ठरवू नका

मा. संपादक साहेब,

कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागांच्या बातम्या येतात, त्यात पारा किती उतरला ते मोठ्या अक्षरात असतं आणि दुसऱ्याच दिवशी इतके टक्के बाग गेली असं ठोकून दिलेलं असतं. अहो, पण काडीवरचे डोळे, म्हणजे ज्यातून नवी फूट येते त्या कळ्या, कापून बघितले का कुणी?

युरोपियन म्हणजे व्हिनिफेरा जातींचे डोळे ऐन हिवाळ्यात साधारण उणे २० अंशापर्यंत तग धरतात, काही जाती त्याच्याही खाली. पण हेच डोळे हिवाळ्याच्या सुरवातीला, वेल थंडीला तयार व्हायच्या आधी, किंवा मधेच चार दिवस ऊब मिळून ढिले पडल्यावर त्यापेक्षा बऱ्याच कमी थंडीत मरतात. म्हणून नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही आणि बाहेरून तर मेलेला डोळासुद्धा ठणठणीतच दिसतो.

डोळे तपासायला बागेतून काड्या आणायच्या त्या छाटणीत ज्या ठेवणार तशाच, बारीक आणि कच्च्या नकोत. सखल भागातल्या वेगळ्या ठेवायच्या कारण गार हवा तिथेच साचते. मग घरात एक-दोन दिवस तशाच ठेवायच्या, ही पायरी लोक घाईत गाळतात आणि तिथेच फसतात, गोठून मेलेला भाग लगेच तपकिरी होत नाही, कापलेलं सफरचंद कसं थोड्या वेळाने काळं पडतं तसंच हे. नंतर धारदार ब्लेडने डोळ्याच्या आडव्या पातळ चकत्या काढत जायचं. एका डोळ्यात तीन कोंब असतात, मधला मुख्य आणि बाजूला दोन. हिरवा तो जिवंत, तपकिरी-काळा तो मेला. मुख्य कोंबावर घड जास्त आणि थंडीला आधी जातो तोही तोच, म्हणून तो मेला तरी बाजूचा फुटतो, पानं येतात आणि माणूस खूश होतो, माल मात्र कमी. एकेका जातीचे निदान १०० डोळे तरी कापा, दहा-बारा कापून काही सांगता येत नाही.

हे सगळं छाटणीच्या आधी व्हायला पाहिजे. एरवी वेलीवर ४० डोळे ठेवत असाल आणि निम्मे मुख्य कोंब मेले असतील तर ८० ठेवा, जास्त झालेले फुटवे नंतर काढता येतात पण कापून टाकलेली काडी परत जोडता येत नाही.

अजून एक, खोड. साल थोडी खरवडून आत हिरवं आहे का बघा. खोडाला मार बसला असेल तर डोळे फुटतात आणि मग ऊन वाढलं की वेल एकदम माना टाकते, शिवाय तडकलेल्या जागी क्राऊन गॉल या जिवाणूजन्य रोगाच्या गाठी येतात ते वेगळंच.

तेव्हा पुढच्या वेळी थर्मामीटरऐवजी कापलेल्या डोळ्याचे मोठे फोटो छापा, एक हिरवा एक काळा, आणि टक्केवारी दोन-चार दिवस थांबून द्या.

एक द्राक्ष बागायतदार