गॅरेजमधल्या दगड कापायच्या मशीनबाबत: समितीच्या नोटिशीला उत्तर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण संस्था, गोडोली, सातारा.

विषय: तळमजल्यावरील माझ्या बंदिस्त गॅरेजमध्ये दगड कापायचे जुने मशीन बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

समितीची नोटीस मिळाली. मशीन टेम्पोतून उतरवताना चेन-पुली लावावी लागली, खाली बरीच मंडळी जमली आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत खडी क्रशर आल्याची बातमी झाली. तेव्हा नोटीस येणार हे धरूनच चाललो होतो. मशीन अजून जोडलेलं नाही. परवानगीशिवाय जोडणारही नाही.

नोटिशीत तीन प्रश्न आहेत: आवाज किती होणार, मशीन गच्चीवरच्या रिकाम्या खोलीत हलवता येईल का, आणि मी इथे धंदा करणार आहे का. तिन्हींची उत्तरं पुढे देतो. पण जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तो नोटिशीत नाहीच. दगड कापल्यावर जी भुकटी निघते तिचं काय होणार? मी समितीत असतो तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या भागात विहिरीच्या खोदाईत, ओढ्यात, शेताच्या बांधावर ज्या गारगोट्या सापडतात, त्यातल्या काही आतून पट्ट्यापट्ट्यांच्या असतात. तो अकीक. आपला सगळा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्या राहिल्या, आणि नंतर झिरपलेल्या पाण्यातून सिलिका (वाळू, गारगोटी जिची बनते ते द्रव्य) थराथराने त्यात साचत गेली. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसणारा दगड मधोमध कापला की आतले थर दिसतात. माझा छंद एवढाच. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. तिथले झिओलाइटचे नाजूक स्फटिक मात्र मी कापणार नाही. ते मऊ असतात, करवतीखाली त्यांचा चुरा होतो. ते जसे सापडतात तसेच ठेवायचे.

अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. काळ्या दगडाची धूळही चांगली नसतेच, पण अकीकाची धूळ त्याहून वाईट. ती कोरडी उडाली आणि माणसाच्या श्वासातून वर्षानुवर्षं आत गेली तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कडक होत जातात आणि ती परत पूर्ववत करणारा इलाज नाही. गुजरातेत खंभातला अकीक घासणारे, पैलू पाडणारे कारागीर पिढ्यानपिढ्या या रोगाने गेले आहेत. घातक कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. जी धूळ उन्हाच्या तिरिपेत दिसते ती त्यामानाने बरी.

म्हणून हे मशीन कोरडं एक मिनिटही चालणार नाही. ब्लेडचा खालचा भाग टाकीतल्या पाण्यात बुडालेला असतो. फिरताना ती पाणी कापावर घेऊन येते, ब्लेडही गार राहते आणि भुकटी पाण्यात बसते. यावर झाकण असतं आणि कापताना ते बंदच ठेवायचं. तरीही ब्लेड पाण्याचे बारीक तुषार उडवते आणि त्या तुषारांत सिलिका असतेच. म्हणून मोटार बंद झाल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, तुषार खाली बसू द्यायचे. मास्क मी लावणारच आहे, पण मास्कच्या भरवशावर कोरडं कापणाऱ्यातला मी नाही. गॅरेजचा एक्झॉस्ट पंखा सध्या मुलं खेळतात त्या बाजूला तोंड करून आहे. तो काढून मागच्या भिंतीत, कंपाउंडकडे वळवून बसवतो. आपण होकार द्यायची वाट न बघता हे काम या आठवड्यातच करून घेतो.

आता गाळ. टाकीत तळाला राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ साचतो. तो मोरीत ओतला तर आपल्या चेंबरमध्ये जाऊन बसेल आणि घट्ट होईल. मग प्लंबर बोलवायचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर. तेव्हा गाळ बादलीत काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं निवळ पाणी परत टाकीत. खाली राहिलेला गाळ वाळू द्यायचा नाही, कारण वाळला की त्याची पुन्हा धूळच होते. ओला असतानाच त्यात थोडं सिमेंट कालवून जुन्या डब्यांत ओतायचं, घट्ट झाल्यावर ते बांधकामाच्या राडारोड्याबरोबर जाईल. घंटागाडीत टाकणार नाही. गॅरेजची फरशीही झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. हे माझ्या घरातही सांगून ठेवलंय. आमच्या सौभाग्यवतींना झाडू दिसला की राहवत नाही, म्हणून गॅरेजमधला झाडूच काढून टाकलाय.

पाणी किती लागेल असं एका सभासदांनी जिन्यात विचारलं होतं. टाकीत वीसेक लिटर मावतं आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचं असतं. उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते तेव्हा सोसायटीच्या टाकीतलं पाणी मी या कामाला वापरणार नाही, हे लेखी धरावं.

इथे मी एक तडजोड केली आहे आणि ती समितीला माहीत असावी. मशीन मुळात तेलावर चालायचं आहे. तेलात काप गुळगुळीत येतो, ब्लेड जास्त टिकते, बेअरिंगला गंज लागत नाही. पण तेलाचा वास वरच्या मजल्यापर्यंत जाईल, तेलाचे तुषार भिंतींवर बसतील आणि गॅरेजच्या वरती लोक राहतात, तिथे तेलाची टाकी उघडी ठेवणं मला पटत नाही. म्हणून पाणी, आणि त्यात वर्कशॉपमध्ये वापरतात तसं गंज रोखणारं द्रावण. प्रत्येक वेळी काम संपल्यावर टाकी रिकामी करून शाफ्ट, म्हणजे ब्लेड फिरवणारा दांडा, पुसून ठेवावा लागेल. ती कटकट मी पत्करली आहे. टाकीत आधीच्या मालकाचं जुनं तेल होतं, ते काढून बंद कॅनमध्ये ठेवलंय. वापरलेलं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडेच ते जाईल.

आता आपले प्रश्न.

आवाज. करवत म्हटलं की लाकडाच्या वखारीतली किंचाळी डोक्यात येते. या ब्लेडला दातच नाहीत. स्टीलच्या चकतीच्या कडेला धातूत बसवलेले हिऱ्याचे बारीक कण आहेत आणि ते दगड कापण्याऐवजी घासत घासत पुढे जातात. साहेब, आपलं सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. धरणाच्या पायाचं बोअरिंग करून काढलेले कोर, म्हणजे खडकाचे गोल दांडके, आणि त्यांच्या लांब पेट्या आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात. तो कोर हिऱ्याच्या बिटने, पाणी सोडूनच निघतो. हे मशीन त्याच जातीचं, फक्त लहान. ब्लेड 14 इंची, मोटार दीड हॉर्सपॉवरची आणि मिनिटाला 1440 फेऱ्यांची. पुली बदलून ब्लेडचे फेरे हजाराच्या आत ठेवले आहेत. नारळाएवढी दगडाची गाठ कापायला अर्धा-पाऊण तास जातो. घाई करून दगड रेटला तर आवाज चढतो आणि ब्लेडही वाकते, म्हणजे घाई करण्यात माझंच नुकसान.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. पण कायद्यात बसतंय म्हणून रात्री साडेनऊला मशीन लावायचं असा माझा स्वभाव नाही. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा, एवढीच वेळ मागतो. दुपारी नाही, रविवारी नाही, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतील तेव्हा अजिबात नाही. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर भांडण नको. चाचणीच्या वेळी कुणीतरी वरच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसावं आणि आपल्या पाण्याच्या पंपापेक्षा हे जास्त ऐकू येतं का ते सांगावं. पंपाचं बेअरिंग बरेच महिने ओरडतंय. तो विषय वेगळा, पण मशीन चाललं की मी तेही बदलून देईन, फक्त बेअरिंगचे पैसे सोसायटीने द्यावेत.

गच्चीवरची खोली. या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. दूर गेलं की त्रास गेला असं त्यांना वाटलं असावं. उलटं होईल. मशीनची कंपनं स्लॅबमधून खाली जातात, वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या डोक्यावर दिवसभर गुणगुण चालू राहील. पाणी सांडलं तर स्लॅबला ओल येईल. आणि एवढं वजन एका जागी त्या खोलीवर टाकावं असं आपली इमारत बांधणारासुद्धा म्हणणार नाही. गॅरेजची फरशी थेट जमिनीवर आहे. तिथे मशीनच्या पायांखाली जाड रबरी पॅड टाकले, भिंतीला कुठेही टेकू दिलं नाही की कंपन जमिनीतच जिरतं. जागा बदलायची तर जमिनीवरच बदला, वर नको.

धंदा. कापलेला एकही दगड विकणार नाही. चांगले निघाले तर एखाद्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीला देईन. मी विकायला लागलो असं कुणाला दिसलं तर परवानगी रद्द करण्याचा अधिकार समितीने ठरावातच लिहून ठेवावा, माझी हरकत नाही.

विजेबद्दल नोटिशीत काही नाही, पण सांगतो. कॉमन मीटरशी काही संबंध नाही. माझ्या मीटरवरून स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), आणि पाण्याजवळ मोटार म्हटल्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच बंद पडणारा स्विच) हवाच. दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालताना आठ-नऊ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तेव्हा दिवे एकदा लुकलुकले तर घाबरू नये. काम परवानाधारक वायरमनच करेल. एक विनंती मात्र आहे. आपल्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कधी तपासला होता, हे दप्तरात सापडत नाही असं सचिवांकडून कळलं. तो एकदा तपासून घ्यावा. गीझर आणि वॉशिंग मशीन प्रत्येकाच्या घरात आहे, त्यामुळे हे फक्त माझ्यासाठी मागतोय असं समजू नये.

मशीन जुनं आहे, सेकंडहँड आहे, यावरही काहींनी नाक मुरडलं. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, आयुष्य गेलेल्या माणसाला जुनं मशीन म्हटलं की उलट बरं वाटतं, कारण काय झिजलंय ते डोळ्यांनी दिसतं. पुण्यात बंद पडलेल्या एका कारखान्यातून ते घेतलं. घेण्याआधी बेल्ट काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मोजायचं डायल लावून त्याचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला. बेअरिंगं गेली होती, ती नवीन टाकली. दगड धरणारा वाइस ज्या स्लाइडवर पुढे सरकतो, ती स्लाइड ब्लेडला समांतर आहे की नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. केसभर फरक असला तरी ब्लेड बाजूला ओढली जाते आणि बशीसारखी वाकते. तो फरक शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, टाकून काढला. बेल्टवरचा गार्ड आधीच्या मालकाने कुठे टाकला देव जाणे. पत्र्याचा नवा करून घेतला, कारण अशा मशीनवर बोटं बहुतेक वेळा जातात ती बेल्टमध्येच. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण हाताच्या उंचीवर आहे. त्याशिवाय मुख्य स्विचला कुलूप बसवतो, किल्ली माझ्याकडे. गॅरेजचं शटर उघडं राहिलं आणि एखादं पोर आत शिरलं तरी मशीन सुरू होणार नाही.

दगड कुठून आणतो, असंही कुणीतरी विचारलं आहे. गडावरून किंवा वनखात्याच्या हद्दीतून एकही नाही. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो तो हात हलवत परत येतो. ओळखीच्या शेतकऱ्यांच्या विहिरीच्या राड्यातून, त्यांना विचारून आणतो. त्यांना ते धोंडे कुणी नेले तर हवंच असतं.

परवानगी सरळ कायमची मागत नाही. दिवाळीपर्यंत तात्पुरती द्यावी. तोवर तक्रार आली तर ती माझ्यापर्यंत लेखी यावी, जिन्यात बोलून नको. मधे कधीही, न कळवता, समितीच्या कुणीही येऊन तीन गोष्टी बघाव्यात: मशीन चालू असेल तर टाकीत पाणी आहे का, फरशीवर कोरडी भुकटी आहे का, आणि आपल्या चेंबरचं झाकण उघडून आत राखाडी गाळ दिसतो का. यातलं काहीही चुकीचं सापडलं तर त्याच दिवशी मशीन बंद.

चाचणीसाठी येत्या शनिवारी सकाळी अकराची वेळ सोयीची होईल. वायरमनचा दाखला आणि जोडणीचा कच्चा नकाशा तेव्हा हातात देतो. मोटार तात्पुरती जोडून एक गाठ सगळ्यांसमोर कापू, झाकण बंद ठेवूनच. येताना चप्पल नको, बूट घालून यावं, खाली ओलं असतं. आणि वरच्या काकूंना आधी सांगून ठेवावं, म्हणजे त्या मुद्दाम घरात थांबून ऐकतील. त्यांचं मत माझ्या विरोधात गेलं तरी मला मान्य आहे.

आपला,
तळमजल्यावरील गॅरेजधारक सभासद