वेताळ टेकडीवरच्या शॉक पंपवाल्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. खाणीकडे उतरणाऱ्या दगडाळ वाटेवर मनगटं चोळत बसलेल्या मुलीजवळ तुम्ही थांबला होतात, आठवत असेल तर ती मी.

सायकल नवी, पुढे 120 मिलिमीटर दबणारा एअर फोर्क, म्हणजे हवेवर चालणारं सस्पेन्शन, आणि तरी प्रत्येक दगड थेट खांद्यात. जिथून घेतली तिथे कितीतरी वेळा सांगितलं. उत्तर ठरलेलं, "मॅडम नवीन आहे, चालवून चालवून मोकळं होईल." एकदा तर हँडल दोन्ही हातांनी दाबून दाखवलं, बघा चालतंय की! दाबणारा माणूस माझ्या दीडपट, त्याला चालणारच ना. आमच्या ग्रुपातले शहाणे अजून वेगळे, हात सैल सोड, कोपर वाकव, जेलवाले ग्लोव्हज घे. घेतले ग्लोव्हज, गेले पैसे. फोर्कमध्ये हवा किती आहे हे बघावं असं एकालाही वाटलं नाही.

तुम्ही पहिलाच प्रश्न वजनाचा विचारलात, आणि तोही पंक्चरवाला टायरची साईज विचारतो तितक्या साधेपणाने, "बॅग-पाण्यासकट किती भरशील?" मी म्हटलं 58 किलो. फोर्कच्या डाव्या पायावरची टोपी काढून शॉक पंप, म्हणजे फोर्कात हवा भरायचा काटेवाला पंप, लावला तर काटा 110 psi च्या पुढे. "अगं, हा तर माझ्यासारख्यासाठी भरलाय," म्हणालात आणि हसलात, पण मला नाही हसलात.

आणि मग तुम्ही पंप माझ्या हातात दिलात.

काका, खरं सांगू, मला तेच सगळ्यात जास्त लागलं, चांगल्या अर्थाने. सायकलच्या बाबतीत आजवर ज्याने ज्याने मदत केली त्याने आधी सायकल ओढून घेतली, मी बाजूला उभी. तुम्ही पुढचं चाक गुडघ्यांमध्ये धरून उभे राहिलात, फोर्कच्या नळीला एक झिप टाय सैलसर बांधलात आणि म्हणालात, "चढ, दोन्ही पेडलवर उभी रहा, नेहमी उतारावर राहतेस तशी, आणि मग हळूच खाली उतर." झिप टाय जेमतेम हलला होता. मग थोडी हवा सोड, परत चढ, परत बघ, असं चालू राहिलं ते टाय बोटाच्या एका पेराएवढा सरकेपर्यंत, म्हणजे साधारण 25 मिलिमीटर, ट्रॅव्हलच्या (फोर्क एकूण जेवढा दबू शकतो त्याच्या) वीस-पंचवीस टक्के. नुसत्या आपल्या वजनाने फोर्क एवढा दबतो, हाच तो सॅग. काटा साठच्या आसपास आला होता. मागे लोक खोळंबले होते, एकजण तर बेल वाजवत होता, तुम्ही त्याला हाताने थांब म्हणालात आणि मला घाई केली नाहीत. पंप काढताना फुस्स झालं तर माझा चेहराच पडला, त्यावर "ती पाईपमधली हवा, फोर्कातली नाही" हेही न विचारता सांगितलंत.

फोर्कच्या खालचं लाल बटण, दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारं, कासव आणि सशाचं चित्र असलेलं, ते आधी पूर्ण कासवाकडे होतं, म्हणून फोर्क दबला की वर यायच्या आत पुढचा दगड. ते सुद्धा मलाच फिरवायला लावलंत, चार क्लिक फिरव, उतरून ये, सांग कसं वाटलं. कसं वाटलं हे मला कुणी विचारतंय हेच नवीन होतं!

तुमच्यासारखी माणसं टेकडीवर असतात म्हणून नवशिके टिकतात, नाहीतर निम्मे पहिल्या पावसाळ्याआधीच सायकली विकून टाकतात आणि म्हणतात आपल्याला जमत नाही. येतं ते दाखवणारे ढीग असतात हो, समोरच्याला यावं असं वाटणारे कमी.

काकांना ओळखणाऱ्या कुणी हे वाचलं तर एवढा निरोप द्या, शॉक पंप घेतलाय, महिन्याभराने हवा थोडी उतरली होती ती मीच भरली, आणि मनगटं ठणठणीत आहेत. ग्लोव्हज मात्र पडून आहेत, कुणाला हवे असतील तर घेऊन जा.