आधी हालहवाल, मग हप्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च जवळ आला की बचत गटांच्या बैठकीत एकच विषय उरतो, हप्ता. बँकेला वसुली हवी असते आणि सीआरपी ताईंकडे (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तींकडे) इतके गट असतात की एका ओट्यावरून उठून त्यांना लगेच दुसरा ओटा गाठावा लागतो. पासबुकं, पैसे, सह्या, झाली बैठक. मी आमच्या गटाची सचिव आहे, वही माझ्याच हातात असते, म्हणून हे लिहिते आहे.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशोब ही पंचसूत्री मला पूर्ण मान्य आहे. ‘माझी जाऊच आहे, राहू दे या महिन्यात’ असं अध्यक्षच म्हणत गेल्या आणि आमच्या वाडीतला एक गट मोडला. त्यातल्या काही जणी आता एकमेकींच्या हळदीकुंकवालाही जात नाहीत.

मागे आमच्या गटातल्या एकीचे हप्ते थकले. ‘सगळ्याजणी मिळून तिच्या दारात बसा,’ असं बँकेतून सांगण्यात आलं. काहींना ते पटलंही होतं. आम्ही तसं केलं नाही. तिची शेजारीण आणि मी, अशा दोघीच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यासाठी दुभती म्हैस विकलेली. सह्यांपुरत्या बैठकीत हे सगळं तिनं सांगावं तरी कधी?

पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला. तीन महिने बँकेचा तिचा वाटा गटाच्या बचतीतून भरायचा, नंतर तिनं तो वाढीव हप्त्यानं फेडायचा. ‘माझ्या वेळी कुणी सवलत दिली होती?’ असं एकीनं विचारलं. तिचं म्हणणं रास्तच होतं. मग ही सवलत आजारपणात प्रत्येकीला मिळेल, असं इतिवृत्तात लिहिलं आणि तिनंही सही केली. सगळी रक्कम परत आली.

नाबार्डनं १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज १० लाखांपर्यंतच्या कर्जाला गटाकडून तारण घेतलं जात नाही. बायका एकमेकींना ओळखतात, एकमेकींना धरून असतात, याच भरवशावर तर हे कर्ज मिळतं! मग गटाची प्रतवारी करताना हजेरी आणि वसुलीबरोबर किती जणी गट सोडून गेल्या आणि का, हेही विचारा. प्रशिक्षणात वही लिहायला शिकवतात, तसं अडलेल्या बाईशी कसं बोलावं, यासाठीही एक दिवस द्या. सीआरपी ताईंकडचे गट कमी करा. आणि निदान यंदाच्या मार्चमध्ये तरी पासबुकं उघडण्याआधी अर्धा तास बायकांना बोलू द्या, एवढी बँकांना आणि बचत गटांचं काम पाहणाऱ्या जिल्हा कक्षाला विनंती आहे.

– एका बचत गटाची सचिव,
ता. कोरेगाव, जि. सातारा